आबा, तुमच्या चपलेचे उपकार

आदरणीय आबा,
सादर नमस्कार.

गेल्या रविवारी गोल्फच्या सात नंबरच्या आयर्नने, म्हणजे लोखंडी तोंडाच्या काठीने, मारलेला माझा चेंडू प्रथमच सरळ गेला, शेवटी किंचित डावीकडे वळला आणि बाभळीपाशी पडला, तेव्हा तुम्ही तंबाखू मळता मळता नुसती मान हलवलीत. माझा गळा दाटून आला होता, म्हणून जे तोंडाने सांगता आले नाही ते लिहीत आहे.

दोन वर्षे माझा प्रत्येक चेंडू केळ्यासारखा उजवीकडे वळत असे. ज्यांना मी तासाचे पैसे मोजत होतो, त्या प्रशिक्षकांनी मोबाइलवरून नजर न काढता "डोके खाली ठेवा" एवढेच सांगितले. माझी मान आखडली, चेंडू मात्र सुधारला नाही. मग मी नेमच डावीकडे धरू लागलो आणि दुखणे आणखी बळावले. काठी खाली आणताना माझे खांदे आधी फिरतात, त्यामुळे क्लब, म्हणजे ती काठी, बाहेरून आत, अंगाच्या दिशेने, चेंडूला कापत जातो आणि त्याचे तोंड त्या वाटेच्या मानाने उघडे राहते, हे पुण्यात उभे आयुष्य कॅडी म्हणून, खेळाडूंच्या काठ्या वाहत, काढलेल्या तुम्ही चौथ्याच फटक्याला ओळखलेत.

काखेत रुमाल धरून मारलेल्या शेकडो अर्ध्या फटक्यांबद्दल इथे लिहीत नाही. पहिल्या दिवशी तुम्ही पायातली कानवाली कोल्हापुरी चप्पल काढून चेंडूच्या पलीकडे, चार बोटे अंतरावर, किंचित मागे ठेवलीत आणि तिला न लागता मारायला सांगितलेत. क्लब बाहेरून आला की चप्पल लागणार, आतून आला की चेंडू. तिसऱ्या फटक्याला मी तिचा अंगठाच तोडला. मी ओशाळून हात जोडले, तर तुम्ही म्हणालात, "चप्पल शिवता येती. तुमी मारा." आणि एक पाय तापलेल्या मुरमावर उघडा ठेवून तासभर तसेच उभे राहिलात.

पोराच्या अंगाला स्वतःच्या हाताने लाल माती लावणारे वस्ताद या कोल्हापूरने पुष्कळ पाहिले आहेत. त्या जातीचा माणूस गोल्फच्या काठीपाशी भेटेल, असे मात्र मला वाटले नव्हते. विद्या देताना पावती न फाडणारी अशी माणसे अजून आहेत, म्हणूनच माझ्यासारख्या चाळिशीतल्या धडपड्यांचे निभावते.

चप्पल लाइनमधून, इथल्या चपलांच्या बाजारातून, आणलेला नवा जोड तुम्ही परत पाठवलात. निदान अंगठ्याच्या शिलाईचे पैसे तरी घ्यावेत, ही विनंती.

आपला नम्र,
माळावरचा विद्यार्थी