राडारोडा टाकायचा कुठे?

संपादक महोदय,

पावसाळा तोंडावर आला की पुण्यातल्या आंबील ओढ्याची आठवण होते आणि सगळी चर्चा प्लास्टिकच्या पिशव्यांवर येऊन थांबते. मी बाथरूम-स्वयंपाकघर दुरुस्तीची कामे घेतो, त्यामुळे माझी नजर आधी राडारोड्यावर जाते.

एक जुने बाथरूम फोडले की फरशा, विटा, कोबा, संडासाचे फुटके भांडे असा छोटा टेम्पो सहज भरतो. टेम्पोवाल्याचा प्रश्न ठरलेला असतो : "लांब टाकू का जवळ?" दोन्हींचे दर वेगळे. 'जवळ' म्हणजे कुठे, हे धनकवडी-पद्मावतीत कुणाला समजावून सांगावे लागत नाही. रात्री ओढ्याकाठी गाडी मागे घेतली, फाळका पाडला, विषय संपला. गिऱ्हाईक दहा दुकाने पालथी घालून नवी टाइल निवडते. जुनी कुठे गेली, हे विचारत नाही.

पिशवी निदान वाहून मुठा नदीत तरी जाते. (तिथे तिचे काय होते, तो वेगळा विषय.) कोब्याचा तुकडा मात्र पडला तिथेच बसतो. त्यातून सळईचे टोक वर आलेले असते. त्याला आधी चिंधी अडकते, मग साडी, गादीचा कापूस, थर्माकोल. त्यावर गाळ धरला की पुलाखालची मोरी अर्धी झालीच म्हणून समजा. दगडगोट्यांच्या फटींत पाण्यातले किडे राहतात, त्यांवर मासे जगतात; त्या फटीही वाळू-सिमेंटने बुजतात.

25 सप्टेंबर 2019 च्या रात्री कात्रजकडून लोंढा आला आणि अरण्येश्वरजवळ टांगेवाले कॉलनीत भिंत कोसळून माणसे गेली. पाऊस प्रचंड होता, काठावर अतिक्रमणे होती, सगळे मान्य. पण अशा पाण्याला पात्रात जागा किती ठेवली आहे, हे आजही कुणी बघत नाही.

राडारोडा गोळा करण्याची सोय स्थानिक संस्थांनी करावी, असे केंद्राच्या 2016 च्या नियमांतच होते. प्रक्रिया प्रकल्प वाघोलीला, म्हणजे आमच्यासाठी शहराच्या दुसऱ्या टोकाला. एका बाथरूमच्या मालासाठी तिथवर कोण जाणार? प्रत्येक प्रभागात एक जागा द्या, दर फलकावर लिहा, पावती द्या. दुरुस्तीच्या कामाला सोसायट्या लिफ्टसाठी अनामत घेतातच. ती ही पावती बघूनच परत करावी.

आणि नालेसफाईत काढलेला माल काठावर ढीग लावून ठेवू नये. मे महिन्यात जेसीबीने वर काढलेल्या फरशा जूनमध्ये पुन्हा ओढ्यात जातात आणि पुढच्या वर्षी त्याच काढण्याचे बिल पुन्हा निघते.

– एक छोटा कंत्राटदार, धनकवडी, पुणे