बीम टाइम संपल्यावर आलेलं मंजुरीपत्र

माननीय मंत्रिमहोदय,

सविनय नमस्कार. कोल्हापुरात अणुकेंद्र भौतिकीत पीएच.डी. करणारी मी एक विद्यार्थिनी. युरोपातल्या प्रयोगासाठी मागितलेल्या प्रवास अनुदानाचं मंजुरीपत्र काल हातात पडलं. बीम टाइम, म्हणजे कणांच्या झोतावर प्रयोग करायला मिळालेला वेळ, संपून अकरा दिवस झाले.

"महिनाभरात पैसे खात्यावर" हा शब्द तुम्ही व्यासपीठावरून दिला होता. त्याला आठ महिने झाले. महालक्ष्मी एक्स्प्रेसने मुंबईच्या चार खेपा झाल्या, दर खेपेला नवी त्रुटी. व्हिसासाठी आईची बोरमाळ गुजरीत गहाण पडली. व्हिसा आला, तिकिटाचे पैसे उभे राहिले नाहीत. टेबलावरचे साहेब म्हणाले, "ताई, पुढच्या वर्षी जावा की."

आमच्या प्रयोगातल्या हेलियम-6 चं अर्धायुष्य 0.8 सेकंद आहे, साहेब; तेवढ्यात निम्मं विघटून जातं. ते साठवून ठेवता येत नाही, तयार झालं की लगेच टार्गेटवर, म्हणजे ज्यावर मारा करायचा त्या पदार्थावर, सोडावं लागतं. नेहमीच्या बीममध्ये सेकंदाला अब्जावधी कण असतात, हेलियम-6 चे काही लाख मिळाले तरी खूप. त्यातून फ्यूजन, म्हणजे दोन अणुकेंद्रं एक होणं, घडणार अगदी मोजकं. म्हणून टार्गेटचे पातळ पत्रे, म्हणजे फॉइल, एकामागे एक रचतात. प्रत्येक फॉइलमध्ये बीमची ऊर्जा थोडी घटते आणि एकाच खेपेत अनेक ऊर्जांना मोजमाप मिळतं. मग त्या फॉइल जर्मेनियम डिटेक्टरसमोर ठेवून फ्यूजनमधून तयार झालेल्या अणुकेंद्रांचे गॅमा किरण रात्ररात्र मोजायचे. हेलियम-6 मधले सैल बांधलेले दोन न्यूट्रॉन फ्यूजनला हात देतात, की आधीच सुटून जातात, हे त्यातून कळतं. फ्रान्सच्या गानिल प्रयोगशाळेत हेलियम-8 सोन्यावर सोडून असं मोजमाप झालं. ते 2009 साली प्रसिद्ध झालं, त्यात भारतीय शास्त्रज्ञही होते.

आमच्या प्रयोगाच्या फॉइल मी तयार केल्या होत्या. आरपार जाताना अल्फा कणांची ऊर्जा किती घटते त्यावरून एकेकीची जाडी काढली, वर्षभरात दोन वह्या भरल्या. कापसात गुंडाळून कुरिअरने पाठवल्या. फॉइल पोहोचल्या, मी नाही. मोजणी चालू होती त्या रात्री मी राजारामपुरीतल्या खोलीत मोबाइलवर दुसऱ्यांनी पाठवलेले आलेख बघत बसले होते.

बीम टाइम आठ-आठ तासांच्या शिफ्टमध्ये मिळतो. तुमच्या एका टेबलावर आमची फाइल त्याहून कितीतरी जास्त वेळ नुसती पडून असते. देश संशोधनावर जीडीपीच्या एक टक्काही खर्च करत नाही आणि जो करतो तोही वेळेवर पोहोचत नाही. आमच्या डिटेक्टरचा द्रव नायट्रोजन जनावरांच्या कृत्रिम रेतनासाठी येणाऱ्या गाडीतून मागून आणावा लागतो. दसरा चौकात शाहू महाराजांच्या पुतळ्याला तुम्ही हार घालता. त्या राजाने 1917 साली, एवढ्याशा संस्थानात, प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. तुमच्याकडे अख्खं राज्य आहे.

मंजुरीपत्रात शेवटी लिहिलंय : बोर्डिंग पास पंधरा दिवसांत सादर करावा, अन्यथा अनुदान रद्द समजण्यात येईल.

मी काय सादर करू, ते कळवा.

एक संशोधक विद्यार्थिनी,
कोल्हापूर