त्याच्यासाठी नको, त्याच्याबरोबर खेळ

कोल्हापूर

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

तुमच्या कॉलेजात युनिफाइड फुटबॉलची, म्हणजे बौद्धिक अक्षमता असलेली आणि नसलेली मुलं एकत्र खेळतात तशी टीम उभी राहतेय आणि पार्टनर, म्हणजे अक्षमता नसलेली जोडीदार खेळाडू, म्हणून खेळशील का, असं तुला विचारलंय, हे ऐकून मला आणि आईला फार आनंद झाला. घरी ऑटिझम असलेला भाऊ, सोहम, आहे म्हणजे मला सगळं जमेलच असं सगळे धरून चाललेत, पण मैदानावर मी नक्की करायचं काय, असं तू विचारलंस. फोनवर घाईघाईत सांगण्यासारखं हे नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट, तू तिथं समाजसेवा करायला जात नाहीयेस. फुटबॉल खेळायला जातेयस. पाच जणांच्या टीममध्ये बौद्धिक अक्षमता असलेले तीन खेळाडू आणि दोन पार्टनर अशी मांडणी असते, आणि पार्टनरनं सगळा खेळ स्वतःच्या पायात ठेवायचा नाही, हे नियमातच आहे. मला हा नियम फार मोलाचा वाटतो. तुला वेगानं पळता येतं, तीन जणांना चकवून गोल मारता येतो, हे मला माहीत आहे. तो गोल तू मारलास तर बाकीचे तिघं नुसते उभे राहतील. उलट, कीव येऊन गोलकीपरनं मुद्दाम बॉल सोडला, तर तेही आपल्या मुलांना बरोबर कळतं. सोहमला कळतं. अशा गोलनंतर तो हात वर करत नाही, खाली मान घालून परत जाग्यावर जाऊन उभा राहतो. मी हे पाहिलंय.

हे सगळं सुरू केलं तेही एका बहिणीनंच. अमेरिकेतल्या युनिस केनेडी श्रायव्हर यांच्या बहिणीला, रोझमेरीला, बौद्धिक अक्षमता होती. 1962 साली त्यांनी मेरीलँडमधल्या स्वतःच्या घराच्या आवारात अशा मुलांसाठी उन्हाळी शिबिर भरवलं. 1968 ला शिकागोच्या सोल्जर फील्डवर अशा खेळाडूंसाठीची पहिली स्पेशल ऑलिम्पिक्स ही स्पर्धा झाली. पण तिथं ही मुलं आपापसातच खेळायची. दोन्हीकडची मुलं एकाच टीममध्ये, एकाच रंगाच्या जर्सीत, हा युनिफाइडचा प्रकार 1989 मध्ये आला. 2023 च्या बर्लिनच्या जागतिक स्पर्धेतून आपले भारतातले खेळाडू 202 पदकं घेऊन आले. त्याचा मला अभिमान आहेच, पण इथं मैदानाच्या कडेला बसून मी जे बघतो, ते पदकांच्या यादीत कुठंच सापडत नाही.

तू पुण्याला गेल्यावर सोहमच्या सरावात काय काय बदललं, ते सांगतो. शिट्टीचा आवाज त्याला सहन होत नाही, कानावर हात ठेवून तो खाली बसायचा. आता सर शिट्टीऐवजी पिवळा झेंडा वर करतात. सुरुवातीला वॉर्मअप, मग पासिंग, मग छोटी मॅच, शेवटी पाणी, अशी चित्रं क्रमानं पाटीवर लावलेली असतात. पुढं काय होणार हे दिसलं की त्याची घालमेल थांबते. टीमच्या खेळात गोंधळ फार, असं लोकांना वाटतं. पण रेषा कुठली, आपली बाजू कुठली, बॉल बाहेर गेला की कुणाचा, हे सगळं ठरलेलं असतं. चारचौघांच्या गप्पांत त्याला जे समजत नाही, ते मैदानावर चटकन समजतं. त्याला उजव्या बाजूच्या रेषेलगत पळायला आवडतं, म्हणून सरांनी त्याला तिथंच ठेवलंय.

आणि पास. आधी त्याचं नाव घ्यायचं, त्यानं मान वळवली की मगच बॉल द्यायचा. नाव न घेता आलेला बॉल त्याच्या अंगावर आदळायचा आणि तो मैदान सोडून निघून जायचा. पोरांनी ही सवय लावून घेतली. मजा म्हणजे आता ती पोरं एकमेकांनाही नावानं हाक मारूनच पास देतात आणि आधीपेक्षा कितीतरी चांगली खेळतात. मी तरुणपणी पेठेच्या टीममधून खेळलो, पण शाहू स्टेडियमवर इतकं बोलून खेळणारी टीम मला फार कमी वेळा दिसली.

तुमच्याकडं सरावाला एडीएचडी असलेली, म्हणजे लक्ष टिकवणं आणि एका जागी स्थिर राहणं अवघड जाणारी दोन मुलंही येणार म्हणालीस. त्यांना लांबलचक रांगेत उभं करू नका. रांगेत वाट बघणं हीच त्यांची खरी अडचण असते. चार-चारचे गट करा, प्रत्येक गटाला एक बॉल द्या. सूचना एका वेळी एकच, तीही करून दाखवत. कुणाला गोंगाट असह्य झाला तर बाहेर बसायची जागा आधीच ठरवून ठेवा, आणि बाहेर बसलेल्याला परत खेळायचंय का, हे दर वेळी विचारा.

खेळानं ऑटिझम जात नाही आणि कुणी तसं सांगितलं तर विश्वास ठेवू नकोस. सोहम आजही मोजकंच बोलतो. पण त्याला रात्री शांत झोप लागते. जिना चढताना आता तो कठड्याला धरत नाही. सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे त्याला मित्र मिळाले. त्याच्या जुन्या शाळेत क्रीडादिनाला तो आईजवळ मांडवात बसून टाळ्या वाजवायचा, तुला आठवत असेल. आता टीमच्या ग्रुपवर "सोहम, उद्या साडेपाच, निळी जर्सी" असा मेसेज येतो. घरच्यांशिवाय कुणी त्याला नावानं मेसेज पाठवावा, हे याआधी कधी घडलं नव्हतं. सराव संपला की पोरं त्याला खासबागेत भेळ खायला घेऊन जातात, कमी तिखट सांगायचं त्यांच्या लक्षात असतं. आम्ही मागून जात नाही. आईनं आधी खूप काळजी केली, आता त्या वेळात ती बाकीच्या आयांबरोबर निवांत बसते. तिच्याही वाट्याला कितीतरी वर्षांनी मैत्रिणी आल्या.

म्हणून तुला सांगतो, पहिल्या दिवशी जाशील तेव्हा कुणाला काय येत नाही, हे विचारू नकोस. कुणाला कुठं खेळायला आवडतं, कुठल्या आवाजाचा त्रास होतो, हात लावलेला चालतो का, हे त्यांनाच विचार, ज्यांना बोलता येत नसेल त्यांच्या घरच्यांना विचार. मॅच हरलात तर हरल्याचं वाईट त्यांनाही वाटू दे, लगेच समजूत घालू नकोस. आणि तुझा पास चुकला तर त्यांनी तुझ्यावर ओरडलेलं ऐकून घे. टीममध्ये तसंच असतं.

शनिवारी संध्याकाळी फोन कर. तुझा जर्सी नंबर काय, हे सोहमनं दोनदा विचारलंय. सात असेल तर बदलून घे म्हणाला, सात त्याचा आहे.

आईचे आशीर्वाद.

तुझे,
बाबा