गिरणगाव साताऱ्यातनं शूट करतोय

प्रिय सुन्या,

तू विचारलंस की मुंबईतल्या गिरणगावावरचा, म्हणजे कापड गिरण्यांच्या वस्तीवरचा व्हिडिओ साताऱ्यात बसून कसा करणार, तर म्हटलं फोनवर नको, नीट लिहूनच सांगतो. अरे गिरणगावातली कितीतरी माणसं आपल्याकडचीच की. पाटण, जावळी, खटाव, कुठंही जा, मिलमध्ये राबलेलं कुणीतरी भेटतंच. तिकडे डिलाईल रोडला गावकीच्या, म्हणजे एकाच गावच्या माणसांनी मिळून घेतलेल्या खोल्या होत्या, एकेका खोलीत पाळीप्रमाणे झोपायचे, एक उठला की त्याच जागी दुसरा. मग १८ जानेवारी १९८२ ला कामगार पुढारी डॉ. दत्ता सामंतांचा गिरणी संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, आणि तो संप मागे घेतला असं रीतसर कुणी कधी जाहीरच केलं नाही. चार दिवस गावाला जाऊन येतो म्हणून एस्टीत बसलेली माणसं इथंच राहिली. आता ती ओट्यावर बसलेली असतात, सत्तरी-ऐंशीतली, त्यांचा आवाज आत्ता नाही घेतला तर कधी घेणार?

दोन स्क्रीन समोरासमोर ठेवायच्या. एकीवर आजचं लोअर परळ, फिनिक्स मिलच्या जागेवरचा मॉल, काचेचे टॉवर, आयडी कार्ड घालून चाललेली पोरंपोरी. दुसरीवर नुसते हात. साचेखात्यात, म्हणजे जिथं कापड विणायचे माग चालायचे तिथं, इतका आवाज असायचा की शेजारच्याचं ऐकू यायचं नाही, सगळं हातवाऱ्यांवर आणि ओठांवर. एका आजोबांना तुटलेला धागा कसा जोडायचा विचारलं तर बोलता बोलता बोटं हवेत फिरायला लागली, त्यांचं लक्षही नव्हतं, आणि त्या कामात ते किती तरबेज असतील हे मला तिथं कळलं.

पडक्या चिमण्या, गंजकी मशीन, वर उदास म्युझिक, हे मला अजिबात नकोय. अमेरिकेतलं डेट्रॉइट बघ, मोटारींचं शहर, १९५० ला वस्ती साडेअठरा लाख, २०२० ला साडेसहा लाखाच्या आत. तिथल्या तेव्हा ओसाड पडलेल्या रेल्वे स्टेशनचे फोटो जगभर फिरले आणि तिथले लोक चिडले, आम्ही अजून इथंच राहतोय, आम्ही कसे दिसत नाही तुम्हाला? बरोबरच आहे त्यांचं.

बायकांचे आवाज तर हवेतच. खानावळी त्यांनीच चालवल्या, १९७५ ला प्रेमा पुरवांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं ते याच बायकांना कर्ज मिळावं म्हणून. खानावळीचे पैसे पगार झाला की मिळायचे, संपात पगारच नाही तर पैसे कुठले, तरी आमच्या आत्यानं कितीतरी महिने पोरांना जेवू घातलं. ती ते सांगते तेव्हा कुणाच्या ताटात काय आवडीनं वाढायची तेही सांगते, त्यातलं एक वाक्य मी कापणार नाही.

काहीजण अजून सामंत डॉक्टरांचं नाव निघालं की हात जोडतात, काहीजण म्हणतात आमचं वाटोळं झालं. दोन्ही आवाज तसेच लागोपाठ ठेवणार, मध्ये निवेदक नाही, उत्तर कुणी द्यायचं नाही.

अडलंय ते साच्याच्या आवाजाशी. विट्याला यंत्रमाग चालू आहेत, तिथला आवाज मिळेल, पण तो मिलचा म्हणून लावणं मला खोटं वाटतं. त्यापेक्षा तो आवाज या म्हाताऱ्यांना ऐकवू आणि ते काय म्हणतात ते रेकॉर्ड करू. तुझा तो चांगला रेकॉर्डर घेऊन ये, दिवाळीच्या आधी जमव, काहींची तब्येत बरी नाही. आधी विट्याला जाऊ, मग तिथनं पाटणला. वहिनींना नमस्कार सांग.

तुझा,
बाळ्या