परवाना दिला, पण कुठवरचा ते सांगायचं राहिलं

प्रति,
मा. गृहमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

महोदय,
स. न. वि. वि.

मी जिल्हाधिकारी कार्यालयातून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले. नोकरीची शेवटची काही वर्षं गृह शाखेत गेली आणि शस्त्र परवान्यांचं काम माझ्या टेबलावर होतं. एका सोमवारी एक गृहस्थ नूतनीकरणाचा अर्ज घेऊन आले. ‘शस्त्र तपासणीसाठी सादर करावे’ असं पत्रात होतं. ते पोलीस ठाण्यात करायचं असतं, पण त्यांना वाटलं आमच्याकडेच. त्यांनी सफारीचा शर्ट वर केला, कमरेचं रिव्हॉल्व्हर काढलं आणि माझ्या टाचण्यांच्या डबीशेजारी ठेवलं. समोर खुर्चीवर एक आजी संजय गांधी योजनेची चौकशी करायला बसलेल्या, त्या उठूनच गेल्या. मी विचारलं, “भरलेलं आहे का?” ते म्हणाले, “मग काय रिकामं घेऊन फिरू?” सहाच्या सहा काडतुसं आत होती. मी काही बोलायच्या आत त्यांनीच समजूत घातली, “मॅडम, लायसन आहे की. तुम्हीच दिलंय.”

खरंच मीच दिलं होतं. रजिस्टरवर सही घेतली आणि परवाना हातात ठेवला. तो घेऊन कुठे जायचं, कुठे नाही, याबद्दल चकार शब्द बोलले नव्हते. मला कुणी तसं सांगायला सांगितलं नव्हतं, हे खरं, पण ती सबब झाली. हे पत्र त्या न बोललेल्या शब्दांबद्दल आहे.

शस्त्र अधिनियम १९५९ केंद्राचा, २०१६चे शस्त्र नियमही केंद्राचे. त्यातलं अक्षरही तुम्ही बदलू शकत नाही, याची मला कल्पना आहे. पण परवाना हातात ठेवणारं टेबल तुमचं आहे, नाक्यावर तो तपासणारा हवालदार तुमचा आहे, आणि मनाई आदेश काढणारे अधिकारीही राज्याचेच आहेत.

परवाना म्हणजे मोकळा पास, हा लोकांचा पहिला समज. पिस्तूल जवळ बाळगणं हा आपला हक्कच आहे, असं कित्येकांना मनापासून वाटतं. तो हक्क अमेरिकेच्या राज्यघटनेत आहे, आपल्या नाही. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२३ मध्ये विनापरवाना शस्त्रांच्या प्रकरणात हाच फरक बोलून दाखवला होता. आपल्याकडे सरकार देईल तेवढीच मुभा, आणि तीही परवान्यावर लिहिलेल्या हद्दीत. हद्दीचा तो रकाना प्रत्येक परवान्यावर असतो. कुणाचा जिल्ह्यापुरता, कुणाचा राज्यापुरता. देशभर चालणारा परवाना फार थोड्यांना मिळतो. रकाना बारीक अक्षरात आणि इंग्रजीत. माझ्या टेबलासमोर बसून तो रकाना वाचणारा माणूस मी पाहिलेला नाही. लोक फोटो बघायचे, नाव बरोबर आहे का बघायचे, आणि निघायचे.

एकदा रात्री साडेनऊला घरी फोन आला. आमच्याच जिल्ह्यातले एक बागायतदार कुटुंबाला घेऊन तिरुपतीला निघाले होते. रिव्हॉल्व्हर गाडीच्या डॅशबोर्डच्या कप्प्यात. शेजारच्या राज्यातल्या नाक्यावर गाडी तपासली गेली आणि परवाना निघाला महाराष्ट्रापुरता. मागे बायको, सून, झोपलेलं नातवंड. “ताई, तुम्ही फक्त त्यांना सांगा की परवाना खरा आहे.” परवाना खराच होता, पण तिथे चालणारा नव्हता. हत्यार जप्त झालं आणि ते सोडवायला त्यांना कितीतरी खेपा घालाव्या लागल्या. परवान्याची अट मोडली तर शस्त्र अधिनियमाच्या कलम ३० खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. परवान्याविनाच हत्यार बाळगलं असं ठरलं तर किमान दोन वर्षं, पाच वर्षांपर्यंत. या दोन्हींतलं अंतर त्या माणसाला माहीत नव्हतं. त्याला वाटत होतं, आपण कायदा पाळणाऱ्यांपैकी आहोत, म्हणून तर परवाना काढलाय.

आता हद्दीच्या आत. इथे घोळ मोठा आहे. हत्यार दिसलं की दरारा राहतो, म्हणून ते उघडं लावायचं, हा आपल्याकडचा रिवाज. लग्नाच्या मांडवात, बाजार समितीच्या सभेत, पतसंस्थेच्या निवडणुकीत. २०१६चे नियम याच्या नेमके उलट आहेत. सार्वजनिक ठिकाणी पिस्तूल न्यायचं तर ते होल्स्टरमध्ये किंवा पिशवीत, पूर्ण झाकलेलं आणि आपल्या ताब्यात हवं. ते काढून दाखवणं, नाचवणं, वस्तीत किंवा सार्वजनिक जागी उडवणं मना आहे. वरातीत ‘हवेतच उडवली, कुणाला लागली का?’ असं म्हणणाऱ्यांसाठी शस्त्र अधिनियमाच्या २०१९च्या दुरुस्तीने वेगळी तरतूद केली. आनंदाच्या भरात गोळी उडवून लोकांचा जीव धोक्यात घातला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही.

हे निदान पुस्तकात तरी स्पष्ट आहे. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचं कलम ३७(१) मात्र आपण स्वतः गढूळ करून ठेवलंय, आणि त्यात माझाही हात आहे. जिल्ह्यात सण, मोर्चा, यात्रा, जयंती काही असलं की पंधरा दिवसांचा मनाई आदेश निघतो. अपर जिल्हादंडाधिकाऱ्यांची सही, मसुदा आमच्या शाखेचा. मी मागच्या आदेशाची फाइल उघडायची, तारखा बदलायची, सणाचं नाव बदलायची आणि छापायची. मजकूर मला आजही तोंडपाठ आहे: शस्त्रे, सोटे, तलवारी, भाले, दंडे, बंदुका, सुरे, काठ्या बरोबर नेण्यास मनाई. पंधरा दिवस संपले की पुढचे पंधरा. आमच्या जिल्ह्यात वर्षातले किती दिवस असा आदेश नसायचा, हे शोधायला कॅलेंडर लागलं असतं.

आता मला सांगा, या आदेशात ‘बंदुका’ आहे. मग ज्याच्याकडे वैध परवाना आहे त्याने त्या पंधरा दिवसांत पिस्तूल घराबाहेर न्यायचं की नाही? कर्तव्यावरच्या सरकारी नोकरांना सूट असं आम्ही लिहायचो. परवानाधारकाबद्दल बहुतेक वेळा काहीच नाही. एकदा मी साहेबांना विचारलं. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं आणि म्हणाले, “मागच्यात होतं का?” नव्हतं. “मग यातही नको.” एका ठाण्याचा निरीक्षक म्हणायचा परवाना आहे तर चालतंय, दुसरा म्हणायचा आदेश म्हणजे आदेश. परवानाधारकाला तर आदेश निघाला हेच ठाऊक नसायचं. तो पेपरात आतल्या पानावर, टेंडरच्या नोटिसांच्या खाली छापून यायचा, नाहीतर तहसीलच्या फलकावर पिवळा पडायचा. परवाना सगळ्यावर भारी पडतो असं लोकांनी धरून चाललं, यात नवल ते काय?

निवडणुकीचं वेगळंच. आचारसंहिता लागली की गावोगावी निरोप जातो, हत्यारं जमा करा. सरसकट सगळ्यांनी करायची, असा समज. खरं तर कुणाचं हत्यार जमा करून घ्यायचं हे छाननी समितीने एकेक प्रकरण बघून ठरवायचं असतं. जामिनावर सुटलेले, गुन्ह्यांची पार्श्वभूमी असलेले, आधीच्या दंगलीत, विशेषतः निवडणुकीच्या वेळच्या दंगलीत नाव आलेले, यांच्यावर आधी नजर. व्यवहारात पोलीस पाटील निरोप देतो आणि कोकणातला म्हातारा शेतकरी आपली शेती संरक्षणाची ठासणीची बंदूक खांद्यावर टाकून ठाण्यात येतो. मागे रानडुकरं भात लोळवून जातात. इकडे ज्याचं नाव समितीने खरोखर बघायला हवं, तो बरोबर मुंबईत ‘कामाला’ गेलेला असतो.

उलट मतदानाच्या दिवसाबद्दल कुणी बोलतच नाही. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १३४ ब प्रमाणे मतदान केंद्राच्या आसपाससुद्धा शस्त्र घेऊन जाता येत नाही. बंदोबस्तावर नेमलेले आणि निवडणूक अधिकारी सोडून कुणालाच नाही. परवान्याचा उपयोग शून्य. दोष सिद्ध झाला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही, हत्यार सरकारजमा आणि परवाना रद्द झाल्याचं आपोआप धरलं जातं. मत द्यायला जाताना कमरेचं रिव्हॉल्व्हर घरी ठेवायचं, एवढं एक वाक्य सांगायला किती खर्च येतो?

विमानतळाबद्दल थोडक्यात. हत्यार केबिनमध्ये नेता येत नाही हे सगळ्यांना कळतं. ते रिकामं करून, काउंटरवर जाहीर करून, सामानात देता येतं, हे थोड्यांना. आणि काडतूस म्हणजे हत्यार नव्हे, असं बहुतेकांना वाटतं. वडिलांची जुनी बॅग मुलगा घेऊन जातो, अस्तराच्या फाटक्या शिवणीत एक काडतूस अडकलेलं असतं आणि एक्स-रेवर ते उठून दिसतं. कायद्याला काडतूसही परवान्याशिवाय चालत नाही. ते आपल्याकडे आहे याची जाणीवच नव्हती, तर गुन्हा होत नाही, असं न्यायालयांनी म्हटलेलं आहे. पण ते न्यायालयात. विमान तोवर गेलेलं असतं.

अंगरक्षकाचा मुद्दा मात्र मी मुद्दाम मागे ठेवला, कारण तो सर्वांत जिवावरचा आहे. ‘हत्यार आपल्याच गाडीत असतं, कधी माझ्याकडे, कधी पोराकडे, कधी बॉडीगार्डकडे.’ हे वाक्य मी इतक्या सहजपणे बोललेलं ऐकलंय की जणू छत्रीबद्दल चाललंय. परवाना माणसाच्या नावावर असतो, गाडीच्या किंवा घराण्याच्या नाही. परवान्यावर नाव नसलेल्या माणसाच्या हातात हत्यार देणं हा देणाऱ्याचाही गुन्हा आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये दहिसरला एका माजी नगरसेवकाची समाजमाध्यमावरच्या थेट प्रक्षेपणात हत्या झाली. ते पिस्तूल मारेकऱ्याच्या नावावर नव्हतं. त्याच्या अंगरक्षकाच्या नावावर होतं, आणि परवाना उत्तर प्रदेशातला. परराज्यातला परवाना घेऊन शहरात चाकरी करणाऱ्या रक्षकाची हद्द कोण बघतं, त्याचं हत्यार रात्री कुठल्या कपाटात असतं, हे तेव्हा आठवडाभर सगळ्यांनी विचारलं.

माझं मागणं मोठं नाही. परवाना देताना आणि दर पाच वर्षांच्या नूतनीकरणाला, सोबत मराठीत अर्धं पान द्या आणि ते वाचून दाखवल्याची सही घ्या. हद्दीचा रकाना ठळक मराठीत छापा. केंद्राचा नमुना बदलता येत नसेल तर निदान रबरी शिक्का मारा, शिक्क्यांची आपल्याला कधी कमतरता नव्हती. ३७(१)च्या प्रत्येक आदेशात परवानाधारकाला सूट आहे की नाही हे एका ओळीत लिहिणं बंधनकारक करा. काहीही ठरवा, पण ठरवा. आणि तो आदेश त्यांच्या मोबाइलवर पाठवा. अर्जात नंबर आपण घेतलेलाच असतो. वीज बिल थकलं की दुसऱ्या दिवशी मेसेज येतो, तर हे का नाही? परवाना मागताना शस्त्र सुरक्षेच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र जोडावं लागतं; त्या प्रशिक्षणात अर्धा तास ‘कुठे न्यायचं नाही’ यालाही मिळावा. नाक्यावरच्या शिपायालाही तोच अर्धा तास द्या. ‘घरात ठेवायचं लायसन वेगळं आणि फिरवायचं वेगळं’ असं एका शिपायाने मलाच ऐकवलं होतं, गृह शाखेत असताना.

शस्त्रं जास्त लोकांकडे असावीत असं माझं मत नाही, उलटच आहे. माझ्या टेबलावर आलेल्या बऱ्याच अर्जांत जिवाला धोका लिहिलेला असायचा आणि बोलताना मात्र शेजारच्या पुढाऱ्याला मिळालं मग मला का नाही, हे बाहेर यायचं. पण ज्यांना आपण स्वतः कागद दिला, त्यांना तो वाचून दाखवणं आपल्याकडेच लागतं.

त्या अर्ध्या पानाचा मसुदा मी करून सोबत जोडला आहे. अकरा ओळी आहेत. पहिली ओळ: ‘हा परवाना खाली लिहिलेल्या हद्दीबाहेर चालत नाही.’ सहाव्या ओळीत, ३७(१)च्या आदेशासमोर, मी जागा कोरी सोडली आहे. ती तुम्हीच भरायची आहे.

आपली विश्वासू,
एक निवृत्त अव्वल कारकून, गृह शाखा

सोबत : मसुदा, पान अर्धे