‘नो मीट’ म्हणून भागत नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

साकुराच्या, म्हणजे चेरीच्या फुलांच्या हंगामात जपानला नेणाऱ्या सहलींच्या जाहिराती आता छत्रपती संभाजीनगर, लातूर, नांदेडमध्येही दिसतात. २०२४ मध्ये टोयोटा किर्लोस्करने राज्य सरकारशी छत्रपती संभाजीनगरातल्या कारखान्यासाठी सामंजस्य करार केला. त्यामुळे कामानिमित्त टोयोटाच्या मुख्यालयाजवळच्या नागोया शहराकडे जाणेही आपल्या अभियंत्यांना फार काळ नवलाचे राहणार नाही. या सहलींच्या कार्यक्रमपत्रिकेत एक ओळ हमखास असते : ‘रात्री उत्तम इझाकायात जपानी भोजन, शाकाहारी पर्याय उपलब्ध.’ ही ओळ फार अपुरी आहे, म्हणून हे पत्र.

इझाकाया म्हणजे धड खानावळ नव्हे आणि धड बारही नव्हे. तिथे बैठक पेयाभोवती असते आणि खाणे लहान लहान बश्यांतून येते. बशी मधोमध ठेवायची आणि सगळ्यांनी वाटून खायचे. वाढलेले ताट समोर येईल या अपेक्षेने बसलेला माणूस उपाशीच उठतो. आपल्याकडच्या हुरड्यासारखा हा प्रकार आहे : आगटीतून जे निघेल ते गरम गरम हातावर, बाकीचे मागून. म्हणून एकदम दहा पदार्थ मागवू नयेत. दोघांत तीन-चार मागवावेत, संपत आले की पुढचे. भात किंवा नूडल्स अगदी शेवटी. त्याला ‘शिमे’ म्हणतात, म्हणजे समारोप.

बसल्याबरोबर गरम किंवा गार ओला रुमाल येतो. तो हातांसाठी आहे, मान पुसायला नाही. पाठोपाठ न मागता एक वाटी येते, ती ‘ओतोशी’. ओसाका-क्योटोकडे तिलाच ‘त्सुकिदाशी’ म्हणतात. ढाब्यावरचा कांदा-लिंबू फुकट असतो, ही वाटी फुकट नसते. साध्या ठिकाणी माणशी ३०० ते ५०० येन, चांगल्या ठिकाणी त्याहून जास्त. ते बसण्याचे शुल्क समजावे. ‘आम्ही मागवलेच नव्हते’ म्हणून काउंटरवर वाद घालणे व्यर्थ आहे. शिवाय या वाटीत अनेकदा मासळी असते, किंवा मासळीच्या अर्कात शिजवलेली भाजी.

शाकाहारी माणूस तिथे फसतो तो या अर्कामुळे. ‘दाशी’ हा जपानी स्वयंपाकाचा पाया. कोम्बु हे समुद्री शेवाळ आणि कात्सुओबुशी, म्हणजे उकडून, धुरी देऊन, लाकडासारखी टणक वाळवलेल्या बोनिटो माशाचा कीस, यांचे ते पाणी. आपल्याकडे भाजीत काय काय आहे हे सांगताना कोणी फोडणीचे तेल मोजत नाही, तसा तिथला आचारी दाशी मोजत नाही. त्यातून ‘निकु’, म्हणजे मांस, या शब्दात मासा येतच नाही. त्यामुळे ‘नो मीट’ म्हटल्यावर मान डोलावणारा वेटर खोटे बोलत नसतो.

मेन्यूवरचे निरुपद्रवी दिसणारे पदार्थ पाहा. आगेदाशी तोफू, म्हणजे तळलेले सोयाबीनचे पनीर, दाशीच्याच रश्शात बुडवून येतो. हियायाक्को म्हणजे गार तोफू, त्यावर माशाचा कीस भुरभुरलेला असतो. ‘कात्सुओबुशी नाशी दे’ म्हटले की तो टाळता येतो. बटाट्याच्या सॅलडमध्ये हॅमचे तुकडे आणि अंड्याचे मेयोनेझ असते. भाज्यांच्या तेंपुराच्या, म्हणजे जपानी भज्यांच्या पिठात अंडे असू शकते, तेल कोळंबी तळलेलेच असते आणि सोबतच्या त्सुयूत, म्हणजे बुडवायच्या रश्शात, पुन्हा दाशी. निदान ‘शिओ दे’ म्हणून त्सुयूऐवजी मीठ मागावे. शिइताके अळिंबी किंवा शिशितो मिरची काडीला टोचून, मीठ लावून मिळते, पण भाजतात कोंबडीच्याच जाळीवर. त्यातल्या त्यात निर्धास्त म्हणजे एदामामे. हे आपलेच सोयाबीन, हिरवे असताना शेंगेसकट उकडून मीठ लावलेले. दाणे खायचे, टरफल टाकायचे. लातूरच्या बाजारात ज्या पिकाचे भाव रोज पाहिले जातात, त्याचेच तोफू, मिसो (आंबवलेला लगदा) आणि सोया सॉस करून हा देश जेवतो. आपण मात्र तेल आणि पेंड यांच्या पुढे फारसे गेलो नाही, असो.

खिशात ही तीन वाक्ये असावीत : ‘निकु मो साकाना मो ताबेरारेमासेन. कात्सुओ नो दाशी मो दामे देसु. कोम्बु दाशी वा दाइजोबु देसु.’ म्हणजे मांस-मासे चालत नाहीत, बोनिटोची दाशीही नको, शेवाळाची चालेल. पण रात्री आठ वाजता टेबलावर हे सांगून फारसे साधत नाही, कारण दाशी आधीच काढून ठेवलेली असते. हे आरक्षणाच्या वेळीच लिहून कळवले पाहिजे. उंची इझाकायाचा खरा फायदा इथे मिळतो : तिथे वेळेत सांगितले तर वेगळी दाशी काढायची तयारी असू शकते. माळकरी आणि जैन मंडळींनी मात्र हा हट्ट सोडावा. कांद्याची पात सगळीकडे भुरभुरलेली असते आणि सॉसमध्ये साके किंवा मिरिन, म्हणजे तांदळाचे मद्यच. त्यांनी मंदिरांतले ‘शोजिन र्‍योरी’ शोधावे. ते बौद्ध भिक्षूंचे जेवण, कांदा-लसूणही वर्ज्य. कोयासान या बौद्ध तीर्थक्षेत्राच्या मठांत मुक्कामासह मिळते.

सामिष खाणाऱ्यांनीही विचारूनच मागवावे. काडीला टोचून भाजलेले तुकडे कोंबडीचेच असतील असे गृहीत धरू नये. ‘बुता’ म्हणजे डुक्कर, ‘ग्यू’ म्हणजे गोमांस. नागोयात तेबासाकी हे कोंबडीचे पंख असतात, पण मिसो-कात्सु डुकराचे, आणि दोतेनी म्हणजे लाल मिसोत शिजवलेले गाईचे स्नायुबंध किंवा डुकराचे आतडे. याकितोरी, म्हणजे काडीवर भाजलेली कोंबडी, मागवताना ‘शिओ की तारे’, म्हणजे मीठ की गोडसर सॉस, असे विचारतात. ताजेपणाची पारख करायची तर मीठ सांगावे.

पेयांबाबत थोडक्यात. माणशी एक पेय मागवण्याची रीत आहे. न पिणाऱ्यांनी ऊलाँग चहा मागवावा, कोणी नाक मुरडत नाही. मद्यासाठी वय २० पूर्ण हवे. साके १५-१६ टक्क्यांचे असते, एक ‘गो’ म्हणजे १८० मिली, ते बिअरसारखे घटाघट प्यायचे नसते. सोबत पाणी मागून घ्यावे. दाइगिंजो साकेसाठी तांदूळ निम्मा किंवा त्याहून कमी उरेपर्यंत घासतात. ते गारच घ्यावे, कढत केले की सुगंध उडतो. ‘नोमिहोदाइ’ म्हणजे ठरावीक वेळेत हवे तेवढे प्या. ते बहुधा टेबलावरच्या सगळ्यांनी घ्यावे लागते, म्हणजे न पिणाऱ्यालाही भुर्दंड.

गुडघ्याचा त्रास असेल तर आरक्षणात ‘होरिगोतात्सु’ सांगावे, तिथे टेबलाखाली पाय सोडायला खड्डा असतो. चपला बाहेर काढायच्या असतात, तेव्हा मोजे फाटके नसावेत. मुले सोबत असतील तर धूम्रपानाची मुभा आहे का ते विचारावे. एप्रिल २०२० पासून पूर्ण लागू झालेल्या कायद्यानंतर बऱ्याच जागा धूरमुक्त झाल्या, पण काही जुन्या छोट्या दुकानांना सूट आहे आणि धूम्रपान चालते त्या भागात विशीखालच्यांना प्रवेश नाही. घास चॉपस्टिकवरून दुसऱ्याच्या चॉपस्टिकवर देऊ नये. दहनानंतर अस्थी तशा उचलतात.

आता बिल. समजा दोघांनी ९,००० येनचे खाल्ले-प्यायले आणि ओतोशी माणशी ६००. झाले १०,२००. उंची ठिकाणी १० टक्के सेवाशुल्क असते : ११,२२०. मेन्यूवरचे आकडे करावेगळे असतील तर बसून खाण्यावरचा १० टक्के कर : १२,३४२. एप्रिल २०२१ पासून करासह किंमत दाखवणे बंधनकारक आहे, तरी शेजारी करावेगळा आकडा मोठ्या ठशात असू शकतो. नजर लहान आकड्यांवर ठेवावी. टिप ठेवू नये, विसरलेले पैसे समजून ती परत आणून देतात.

सहल कंपन्यांना आगाऊ रक्कम देण्याआधी वाचकांनी एवढे लेखी मागून घ्यावे : स्वयंपाकघराला जपानीत काय कळवले, दाशी कशाची असेल, आणि ओतोशी, सेवाशुल्क, पेये पॅकेजमध्ये धरली आहेत की प्रत्येकाने तिथे भरायची आहेत.

आपला,
एक वाचक, छत्रपती संभाजीनगर