शॉकअपचे सील आणि स्क्रूड्रायव्हर

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळ्याआधी दुचाकीची निगा कशी राखावी, याबद्दल आपल्या पुरवणीत आलेला लेख वाचला. चेन, ब्रेक, टायर यांवर भरपूर लिहिले आहे. पुढच्या शॉकअपमधून तेल गळत असेल तर मात्र ‘गॅरेजमध्ये सील बदलून घ्यावे’ एवढ्या एका ओळीत विषय आटोपला. नव्या गाडीला तेवढे चालून जाईल. पण १९८५ ते १९९६ या काळातल्या यामाहा आरएक्स १०० मोटारसायकली मुंबईत अजून बऱ्याच फिरतात. माझ्याकडेही एक आहे. अशा गाडीला सील बदलताना झालेली इजा जन्मभर पुरते, म्हणून हे पत्र.

मी फिटर. कुर्ल्याच्या आयटीआयमधून बाहेर पडलो आणि निवृत्तीपर्यंत हायड्रॉलिक मशिनवर काम केले. ऑइल सील, म्हणजे तेल अडवणारी रबरी कडी, हे आमचे रोजचे काम. सील दोन ठिकाणी तेल अडवते. आतली पातळ लिप, म्हणजे रबरी ओठ, वरखाली होणाऱ्या क्रोमच्या पाइपला चिकटून असते आणि बाहेरची कडा ॲल्युमिनियमच्या बॉटममध्ये, म्हणजे शॉकअपच्या खालच्या नळीत, दाबून बसवलेली असते. लिप फाटली तर नवे सील घालता येते. बॉटमच्या आतल्या भिंतीला खोल ओरखडा पडला, तर सीलच्या बाहेरून तेल वाट काढते आणि मग कितीही महागाचे सील आणा, गळती थांबत नाही.

आमच्या सोसायटीतल्या एका मुलाने गॅरेजमधून सील बदलून आणले आणि आठवड्याच्या आत शॉकअप पुन्हा तेलकट झाला. गॅरेजवाला म्हणाला, सील डुप्लिकेट लागले असणार. मी शॉकअप उघडला. बॉटमच्या तोंडाशी स्क्रूड्रायव्हरने काढलेली अर्धचंद्राकृती खाच होती, नखात अडकेल इतकी खोल. पाइपचा तर विचारूच नका. पॅड न लावता व्हाइसमध्ये आवळलेला, जबड्याच्या दातांचे ठसे क्रोमवर ओळीने उमटलेले. सील बिचारे चांगल्या कंपनीचे होते!

जुने सील बॉटममध्ये घट्ट बसलेले असते, ते निघायला ताकद लागते हे मान्य. पण आधी डस्ट कव्हर आणि त्याखालचे तारेचे लॉक काढायचे. लॉक गंजून खाचेत चिकटले असेल तर गंज सोडवणारे तेल मारून थांबायचे. मग बॉटमच्या तोंडाभोवती उकळत्या पाण्यात बुडवलेले फडके गुंडाळायचे. ॲल्युमिनियम गरम होऊन किंचित फुगते आणि सीलची पकड ढिली पडते. उचकटताना टोक फक्त सीललाच लागले पाहिजे. कडेवर टेकू घ्यायचा तर मध्ये लाकडाची चीप ठेवायची आणि एकाच जागी जोर न लावता फिरत फिरत थोडे थोडे उचलायचे. पाच मिनिटे जास्त जातात, एवढेच.

खालच्या ॲलन बोल्टपाशीही अशीच घाई होते. बोल्टबरोबर आतला दांडा गरगर फिरतो, बोल्ट सुटत नाही, मग हातोडा चालतो आणि बोल्टचे तोंड गोल होते. स्प्रिंग आत असतानाच शॉकअप दाबून धरला तर दांड्यावर दाब येतो आणि बहुतेक वेळा बोल्ट सुटतो. म्हणून हे काम वरचे टोपण काढण्याआधी करावे. टोपण सोडताना तोंड बाजूला ठेवावे, खाली स्प्रिंग दबलेली असते. उरलेले तेल पसरट भांड्यात काढून बघावे. ते राखाडी, चकचकीत निघाले तर आत धातू घासला जातो आहे, नुसत्या सीलने भागणार नाही.

आता पाइप. मुंबईच्या खाऱ्या हवेत आणि चार महिन्यांच्या पावसात क्रोमवर टाचणीच्या टोकाएवढे गंजाचे ठिपके येतात. तर्जनीचे नख पाइपवरून फिरवले की कळते. नवे सील या ठिपक्यांवरून गेले की लिप पुन्हा चिरते. हलके ठिपके बारीक पॉलिश पेपर आणि तेलाने जातात. खोल असतील तर पाइप हार्ड क्रोम करून ग्राइंड करून घ्यावा लागतो. वाकला आहे का हे बघायला पाइप सपाट काचेवर घरंगळवून पाहावा.

नवे सील बसवताना पाइपच्या टोकाला प्लास्टिकची पिशवी गुंडाळावी, म्हणजे धारेने लिप कापत नाही. लिपला फोर्क ऑइल लावावे, सीलमधल्या बारीक स्प्रिंगची बाजू तेलाकडे, म्हणजे खाली ठेवावी आणि वर जुने सील ठेवून योग्य मापाच्या पीव्हीसी पाइपने सरळ ठोकावे. तेल दोन्ही बाजूंना मोजून सारखे. इंजिन ऑइल नव्हे.

आणि हो, सगळी उघडाउघड करण्याआधी लिपखाली कचरा अडकला आहे का ते पाहावे. जुन्या फोटोच्या निगेटिव्हची पातळ पट्टी हळूच आत सारून गोल फिरवली तर रस्त्याची वाळू बाहेर येते. कधीकधी गळती तेवढ्यावर थांबते. डिस्क ब्रेकच्या गाडीची गळती मात्र अंगावर काढू नये. तेल डिस्कवर गेले की ब्रेक घसरतो.

यात गॅरेजमधल्या पोराला दोष देणे सोपे आहे. पण गिऱ्हाईक डोक्यावर उभे असते, ‘भाऊ, अर्ध्या तासात द्या, ऑफिसला जायचंय’. त्याला तीनशे रुपयांत काम हवे, वेळेचे पैसे द्यायला कुणी तयार नाही. पंधरा वर्षांवरच्या गाडीची नोंदणी पाच पाच वर्षांनी वाढवताना आरटीओत तपासणीसाठी आपण अख्खा दिवस रजा टाकतो. शॉकअपसाठीही गाडी एक रात्र गॅरेजमध्ये ठेवायला हरकत नसावी.

आपणास विनंती एवढीच की, नव्या मॉडेलच्या परीक्षणांना जितकी जागा मिळते, त्यातली थोडी अशा दुरुस्तीला द्यावी. लालबाग, माझगाव, कुर्ला, कुठल्याही जुन्या मिस्त्रीला विचारा, तो माझ्यापेक्षा जास्त सांगेल. आणि वाचकांनी जुने सील गॅरेजमध्ये टाकून न देता मागून घ्यावे. त्यावर आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी बहुधा छापलेली असते. मुंबईच्या नागदेवी बाजारातल्या दुकानात गाडीचे नाव सांगितले की दुकानदाराच्या कपाळाला आठ्या पडतात, पण ते तीन आकडे दाखवले की माणूस मागे वळून डबा काढतो.

आपला नम्र,
एक निवृत्त फिटर, भांडुप (पश्चिम)